मामा, डार्विनवरचा तो मेसेज पुढे पाठवू नका

'डार्विन अखेर पुस्तकातून हद्दपार!' हा मेसेज सगळीकडे फिरतोय. आमच्या मामांनीही तो घरच्या ग्रुपवर टाकला. दहावीतल्या लेकीने वाचून विचारलं, "मग उत्क्रांतीचा धडा ऑप्शनला टाकू?" राज्य मंडळाच्या विज्ञान भाग २ मधला तो पहिलाच धडा! म्हणून हा खटाटोप.

मेसेजमधला मुद्दा पहिला : माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह हेच बोलले होते. गृहस्थ मुंबईचे माजी पोलीस आयुक्त. खून होताना कुणी पाहिला नाही, म्हणून पोलीस फाईल बंद करतात का? ठसे बघतात. इथे ठसे आपल्याच पेशीत आहेत. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्याकडे गुणसूत्रांच्या, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या धाग्यांच्या, २४ जोड्या, आपल्याकडे २३. एक जोडी गेली कुठे? आपलं दोन नंबरचं गुणसूत्र बघा. गुणसूत्राच्या टोकांना डीएनएची ठरावीक अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. या गुणसूत्रात ती मध्येच सापडतात, एकमेकांना भिडलेली. शिवाय निकामी झालेल्या दुसऱ्या सेंट्रोमिअरचे, म्हणजे गुणसूत्राच्या आवळलेल्या भागाचे, अवशेष. एका गुणसूत्राला एरवी असा भाग एकच असतो. पूर्वजांची दोन गुणसूत्रं जोडली जाऊन हे एक झालंय. आणि आजच्या माकडाचा माणूस झाला, असं डार्विन म्हणालाच नव्हता. दोघांचा पूर्वज एक, एवढंच.

मुद्दा दुसरा तर कहर आहे : दशावतारात उत्क्रांती आधीच सांगितलीय. म्हणजे वरच्या ओळीत उत्क्रांती थोतांड आणि खालच्या ओळीत ती आमचीच! मामा, एक काय ते ठरवा. मासा, कासव, वराह हा क्रम कानाला जुळतो, कबूल. पण डार्विनचा ग्रंथ १८५९ चा आणि ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेनांनी ही जुळणी मांडली १८८२ मध्ये, म्हणजे उत्तर कळल्यावर. पुढे परशुराम आणि राम तर रामायणात समोरासमोर उभे ठाकतात. त्यात कोण कुणापासून उत्क्रांत झालं? तळकोकणात जत्रेच्या रात्री दशावतार या लोकनाट्यात काळ्या वेशातला, वेद चोरणारा संकासुर येतो, तेव्हा त्याच्याकडे कुणी जीवाश्म मागत नाही. खेळ आपल्या जागी झकास आहे, त्याला जीवशास्त्राचा शिक्का कशाला?

मुद्दा तिसरा : 'मोठमोठे शास्त्रज्ञही हेच म्हणतात.' एक कुलगुरू २०१९ च्या विज्ञान काँग्रेसमध्ये म्हणाले खरे. पण सिंहांच्या विधानानंतर देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून उत्क्रांतीच्या मूळ तथ्यांवर वाद नाही, असं स्पष्ट सांगितलं होतं.

राहिला मथळा. तो अर्धा खरा आहे. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या, म्हणजे सीबीएसई शाळांत चालणाऱ्या, दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. कारण दिलं ओझं कमी करण्याचं, डार्विन चुकल्याचं नाही. बारावीच्या जीवशास्त्रात तो आहेच. पण दहावीनंतर कॉमर्सला जाणारं पोर बारावीचं जीवशास्त्र कशाला उघडेल? अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी सह्या करून याचाच निषेध केला होता. मामांनी त्याच बातमीला फटाक्यांचे इमोजी लावलेत.