‘डोकं लागत नाही’ म्हणे!

एक मजकूर सगळीकडे फिरतोय: ‘ज्याला अभ्यास झेपत नाही त्याला वेल्डिंग नाहीतर फिटरचं काम शिकवा. डोकं लागत नाही. सहा महिन्यांत सर्टिफिकेट, लगेच नोकरी, पोरगा मार्गी.’ हेतू चांगला असेलही, पण माहितीच्या नावाने बोंब आहे.

‘डोकं लागत नाही.’ व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं सरकपट्टीचं साधन, हातात घेऊन बघा. मुख्य पट्टीवरचे 49 मिलिमीटर सरकपट्टीवर 50 भागांत वाटलेले असतात, म्हणून त्यावर 0.02 मिलिमीटरपर्यंत माप घेता येतं. अपूर्णांकांच्या धसक्याने शाळा सुटलेला मुलगा इथे दिवसभर अपूर्णांकच वाचतो. चुकला तर बुश (आतून पोकळ कडं) शाफ्टवर, म्हणजे यंत्राच्या दांड्यावर बसत नाही, आणि का बसला नाही ते त्याचं तोच शोधून काढतो. फळ्यावर जे डोक्यावरून गेलं ते बोटांतून आत शिरतं. दुसरी संधी म्हणतात ती हीच. तिला ‘ढ मुलांची सोय’ म्हणणाऱ्याने एकदा वर्कशॉपमध्ये तासभर उभं राहावं.

‘सहा महिन्यांत.’ जर्मनीत शिकाऊ उमेदवार आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत आणि उरलेले व्यवसायशाळेत काढतो. साधारण दोन ते साडेतीन वर्षं!

छोटे कोर्स अगदीच वाया जातात असंही नाही. कोलंबियात 2001 ते 2005 या काळात गरीब घरांतल्या 18 ते 25 वर्षांच्या तरुणांना तीन महिने वर्गात आणि तीन महिने कंपनीत शिकवलं. शेवटच्या तुकडीची निवड सोडत काढून झाली, त्यामुळे निवड न झालेल्यांशी तुलना चोख करता आली. मुलींची कमाई सुमारे 20 टक्क्यांनी वाढली, मुलांची फारशी नाही. (मजकुरात फक्त ‘पोरगा’ आहे, हे लक्षात आलं ना?) शिवाय तिथे प्रवास आणि जेवणासाठी रोजचा भत्ता होता, लहान मूल असलेल्या आईला थोडा जास्त. भत्ता नसेल तर रोजंदारी बुडवून कोण शिकायला येईल?

‘लगेच नोकरी.’ अमेरिकेत 16 ते 24 वयोगटाला काम शिकवणारी ‘जॉब कोअर’ ही सरकारी योजना 1964 मध्ये सुरू झाली. तिथे वाढलेली कमाई बहुतेकांच्या बाबतीत काही वर्षांत विरली, विशीपुढच्यांचीच टिकली.

सर्टिफिकेटचं मात्र खरं आहे, पण वेगळ्या कारणाने. युगांडातल्या एका प्रयोगात थेट मालकाकडे शिकलेल्यांना काम लवकर लागलं, पण संस्थेत शिकलेले पुढे त्यांच्यापेक्षा जास्त कमावू लागले. एक नोकरी सुटली तरी दुसऱ्या मालकाला दाखवायला त्यांच्याकडे कागद होता.