ताऱ्यातला बल्ब

वसईच्या आमच्या आळीच्या ग्रुपवर दोन आठवडे एकच विषय चाललाय. यंदा नाताळला कामट्यांचा तारा करायचा की बाजारातून तयार एलईडी तारा आणायचा? पोरं म्हणतात, तयार तारा घडी करून ठेवता येतो, वीज कमी खातो, कागद पेटायची भीती नाही. मोठी माणसं म्हणतात, बांबूच्या कामट्या, पतंगी कागद आणि आत चाळीसचा बल्ब, तरच तो तारा. मी हे सगळं मिनेसोटात बसून वाचते. बाहेर बर्फ पडत असतो आणि हाच वाद माझ्या खिडकीतून रोज दिसत असतो.

समोर एक आजोबा राहतात. दर डिसेंबरला त्यांच्या छपराच्या पन्हळीला सी-नाइनचे जुने बल्ब लागतात. अंगठ्याएवढे, टोकाला निमुळते, रंग दिलेल्या काचेचे, आत तापून उजळणारी तार. एकेक बल्ब सात वॅटचा. पंचवीस-पंचवीसच्या चार माळा म्हणजे ७०० वॅट. रोज सहा तास, चाळीस दिवस धरले तर १६८ युनिट. माझ्या पन्हळीवर तेवढेच एलईडी आहेत, ते १५ युनिटांत भागवतात. आमच्याकडच्या दराने त्यांचे २५ डॉलर, माझे दोन. तारेचा बल्ब घेतलेल्या विजेतली नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत घालवतो. इथे निदान त्या उबेने बल्बावरचा बर्फ वितळतो. माझे दिवे बर्फाखाली गाडले जातात आणि मी झाडू घेऊन ते मोकळे करते. वसईत ती ऊब कुणाला हवी?

म्हणजे विजेच्या हिशेबात पोरांचंच बरोबर आहे. तरीही रात्री पडदा सारला की माझी नजर आजोबांच्या घरावरच जाते. हे नुसतं जुन्याचं प्रेम असेल असं मला बरीच वर्षं वाटायचं. तसं नाही.

तारेच्या उजेडात तांबडा-पिवळा भाग भरपूर असतो, निळा अगदी थोडा. म्हणून आजोबांचा निळा बल्ब खोल, मंद दिसतो आणि लाल-केशरी बल्ब निखाऱ्यासारखे. माझ्या माळेतल्या निळ्या दिव्यात मात्र निळ्याशिवाय दुसरं काहीच नाही. तो डोळ्यात टोचतो आणि बाकीचे रंग मारून टाकतो. आता हेच आपल्या ताऱ्यात बघा. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो, वर निळ्यातला काही उजेड पिवळा करणाऱ्या फॉस्फर नावाच्या पदार्थाचा लेप. त्यातून निघणाऱ्या गार पांढऱ्या उजेडात तांबडा भाग कमी. असा बल्ब लाल पतंगी कागदामागे लावला, तर कागद निळा अडवतो आणि पुढे पाठवायला त्याच्याकडे फारसं काही उरत नाही. तारा मेल्यासारखा दिसतो. गेल्या नाताळला मी गावी होते. भावाने कामट्यांच्याच ताऱ्यात नवा पांढरा बल्ब लावला होता. अंगणातून वर बघून आई म्हणाली, ‘लावलायस ना रे?’ तिला वाटलं, बटण दाबायचं राहिलंय.

दुसरी गोष्ट लपलपण्याची. घरातला वीजप्रवाह सतत दिशा उलटत असतो. स्वस्तातली एलईडी माळ त्याच्या अर्ध्या फेऱ्यातच पेटते, उरलेल्या अर्ध्यात विझते. अमेरिकेत सेकंदाला साठ वेळा, आपल्याकडे पन्नास वेळा, म्हणजे आपल्याकडे जरा जास्तच जाणवेल. तारेला एवढ्यात थंड व्हायला वेळच मिळत नाही, म्हणून तिचा उजेड सलग वाटतो. दुकानात माळ लावून घ्या आणि तिच्यासमोर हात झपकन हलवा. बोटं तुटक-तुटक दिसली, तर ती माळ परत ठेवा. मला अशा माळेखाली अर्धा तास बसलं की कपाळ दुखतं.

आणि दुरुस्ती. आजोबांचा एक बल्ब गेला तर तेवढाच जातो. शिडी लावायची, पिळून काढायचा, दुसरा बसवायचा. माझ्या एलईडी माळा बंदिस्त आहेत. तीन वर्षांत दोन अर्ध्यावरून काळोख्या झाल्या आणि दोन्ही कचऱ्यात गेल्या. वीज वाचवायची म्हणून दर दोन वर्षांनी वायर, प्लास्टिक आणि तांबं फेकायचं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून मोठ्यांना माझं सांगणं, चाळीसच्या बल्बाला परंपरा म्हणू नका. नाताळच्या झाडावर विजेचे दिवे पहिल्यांदा लागले ते १८८२ साली न्यू यॉर्कला, एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांच्या घरी, ८० बल्ब, तेही हाताने जोडलेले. आपल्या ताऱ्यात त्याआधी मेणबत्ती होती असं आजी सांगायची. आणि त्या चाळीसने किती ताऱ्यांचे कागद करपलेत, तो तपकिरी गोल मी स्वतः पाहिलाय. पण पोरांनो, तयार ताऱ्यात बल्ब बदलता येतो का, हे तुमच्यापैकी कुणी विचारलं? सरकारच्या उजाला योजनेत २०१५ पासून देशात ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले, ही मोठी गोष्ट झाली. उजेडाचा रंगही निवडता येतो, हे मात्र कुणी फारसं सांगितलं नाही. खोक्यावर ६५०० केल्विन, म्हणजे गार पांढरा उजेड, असं लिहिलेलं असतं ते आपण वाचतच नाही. तारेच्या बल्बाचा पिवळसर उजेड २७०० च्या आसपासचा.

तेव्हा कामट्या तासा, खळ शिजवा, कागद चिकटवा. होल्डर जुनाच ठेवा आणि त्यात २७०० केल्विनचा पाच वॅटचा एलईडी लावा. कागद करपणार नाही आणि लाल लालच दिसेल.

काल हे सगळं भावाला फोनवर सांगितलं. तो संध्याकाळीच दुकानात जाऊन आला. पांढराच आहे, पिवळा मागवावा लागेल, चार दिवस लागतील, असं दुकानदार म्हणाला म्हणे. मागव म्हटलं. नाताळच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, अजून अकरा दिवस आहेत.