घरघंटी

व्हिडिओ संपादनाची कामे घरूनच करायची असे ठरल्यावर मी संगणकात इंटेलचा आय5-13600के हा प्रोसेसर बसवून घेतला. नावातल्या शेवटच्या ‘के’चा अर्थ असा, की याला नेमून दिलेल्या वेगापेक्षा अधिक पळवण्याची मुभा आहे, आणि मुभा मिळाली की ती वापरून संपवायची हा आमच्या घराण्याचा स्वभाव असल्यामुळे, 5.1 गिगाहर्ट्‌झवर सुखाने नांदणाऱ्या त्या जिवाला मी 5.4वर नेऊन बसवले. त्यासाठी 1.25 व्होल्टऐवजी 1.35 व्होल्टचा खुराक सुरू करावा लागला. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, ही गोष्ट खुराक सुरू करण्यापूर्वी आठवायला हवी होती. वेग सहा टक्क्यांनी वाढला आणि उष्णता जवळजवळ पाव पटीने. त्यात डोंबिवलीतला मे महिना.

या उष्णतेचा निचरा करण्यासाठी प्रोसेसरवर जो कूलर होता, त्याचा पंखा जेमतेम 92 मिलिमीटरचा होता. लहान पंख्याला मोठ्या पंख्याएवढी हवा ढकलायची तर फेरे वाढवावे लागतात, आणि फेऱ्यांबरोबर आवाज वाढतो. माझा पंखा मिनिटाला 2,800 फेरे मारू लागला, तेव्हा शेजारच्या काकू गव्हाचा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “घरघंटी घेतलीत, सांगितलं नाहीत! आमचं दोन किलो दळून द्याल का?”

बाबा मात्र या आवाजावर खूश होते. त्यांची उमेदीची वर्षे परळच्या कापडगिरणीत गेली. यंत्र ओरडते आहे म्हणजे काम चालले आहे, हा हिशेब त्यांच्या कानात कायमचा बसलेला आहे. मी खोलीत असताना ते आईला दबक्या आवाजात सांगत, “त्याला हाक मारू नकोस, लोड चालू आहे.” या वाक्याची किंमत मला तेव्हा कळली नाही.

शांत आणि तरीही समर्थ कूलर शोधायचा, असा निश्चय करून मी महिनाभर परीक्षणे वाचली. ती लिहिणारे लोक बावीस अंशांच्या खोलीत बसतात, हे ध्यानात यायला त्यातले तीन आठवडे गेले. कूलर काही हवेपेक्षा थंड करत नाही. तो प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा अमुक अंश वर रोखून धरतो, एवढेच. म्हणजे त्यांच्याकडचे 82 अंश माझ्या छत्तीस अंशांच्या खोलीत 96 होणार, आणि शंभरला हा प्रोसेसर स्वतःहून पाय ओढू लागतो. पाण्यावर चालणाऱ्या कूलरचाही विचार केला. पण त्यात पंख्यांच्या जोडीला पंपाची गुणगुण येते, आणि शिवाय विजेच्या यंत्रात पाणी खेळवण्याचा बेत ऐकून आईने देवापुढे दिवा लावला.

शेवटी मन बसले ते नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीच्या एनएच-डी15वर. तांब्याच्या सहा नळ्या, त्यांच्या आत थोडेसे द्रव. खाली त्याची वाफ होते, वर ॲल्युमिनियमच्या पात्यांत ती उष्णता सोडून पुन्हा द्रव होते आणि खाली येते. भाताच्या झाकणावर रोज घडणारी गोष्ट, फक्त सव्वा किलोहून जड. पंखे दोन आणि 140 मिलिमीटरचे, म्हणजे सावकाश फिरून भागते. आणि पंख्याचे फेरे निम्मे केले की आवाज साधारण पंधरा डेसिबलने उतरतो.

खरेदीसाठी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. शांत वस्तू पारखायला याहून अयोग्य जागा मुंबईत सापडणे कठीण आहे. दुकानदाराने पंखा जोडून दाखवला आणि विजयी मुद्रेने विचारले, “बघा साहेब, आहे का काही आवाज?” बाहेर टेम्पो मागे घेणारा माणूस, त्याला शिव्या देणारा हातगाडीवाला आणि सात-आठ हॉर्न यांच्या साक्षीने मी नाही म्हणालो. त्या ठिकाणी माझा जुना पंखाही मौनी ठरला असता. दुकानदाराला माझी निवड फारशी पसंत नव्हती. त्याच भावात रंगीबेरंगी दिवे लागणारे कूलर असताना हा बदामी-चॉकलेटी, जुन्या सरकारी कचेरीतल्यासारखा दिसणारा ऐवज कोण नेतो? कूलरची उंची 165 मिलिमीटर आणि माझ्या संगणकाच्या कॅबिनेटमध्ये जागा 160, हे मी बोलून दाखवले, तेव्हा तो म्हणाला, “पाच मिलिमीटर काय, ॲडजस्ट होईल.” झाले नाही. पुढच्या शनिवारी कॅबिनेटही नवे आणले.

घरात खोक्यावरचे बोधचिन्ह पाहून आई दचकली. “घुबड आणलंस घरात?” नॉक्टुआ हे एका छोट्या घुबडाच्या शास्त्रीय नावातले पद आहे, आणि आपला पिंगळा त्याच्याच कुळातला, असे मी समजावले. पिंगळा भविष्य सांगतो या आधारावर प्रवेश मिळाला.

कूलर उत्तम आहे. पूर्ण भार टाकला तरी प्रोसेसर 86 अंशांच्या वर जात नाही आणि आवाज ऐकायला कान जवळ न्यावा लागतो. तोच बाबांनी नेला. चार तासांचे रेंडर, म्हणजे संपादित व्हिडिओची अखेरची फाईल तयार होण्याचे काम, ऐन रंगात आले असताना ते खोलीत आले, कॅबिनेटशी वाकून बराच वेळ थांबले आणि म्हणाले, “आज संप दिसतोय. मग कोथिंबीर तेवढी आण.” मी पडद्यावरचा शंभर टक्क्यांचा आलेख दाखवला. “ते कागदावरचं उत्पादन झालं,” असे म्हणून त्यांनी पिशवी पुढे केली.

मग मी एक युक्ती योजली. पंख्यांसाठी वेगळी आज्ञा लिहून ठेवली, की बाबांची पावले वाजली की एक कळ दाबायची आणि दोन्ही पंखे पूर्ण वेगाने सोडायचे. परंतु 1,500 फेऱ्यांच्या पूर्ण वेगाला कंपनीचा आकडा 24.6 डेसिबल आहे, आणि तो माझ्या छतावरच्या पंख्याखालीच विरून जातो. नऊ हजारांच्या पुढे पैसे मोजून मी जे विकत घेतले होते, ते हेच.

आता कोथिंबिरीबरोबर आले, मिरच्या आणि दळणही माझ्याकडे आले आहे. काकूंनी परवा हळहळत घरघंटी दुरुस्त करणाऱ्याचा नंबर आणून दिला. आईने तो फ्रिजवर चिकटवला आहे.