1 पीपीएमच्या आत बेंझिन सुरक्षित? दावे तपासून पाहू

बेंझिन या सहज वाफ होणाऱ्या द्रव रसायनाबद्दल एक मेसेज कामगारांमध्ये पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं सार असं: हवेतलं प्रमाण 1 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) आत असेल तर धोका शून्य, वास येत नसेल तर काळजी नको, शिवाय मास्क आहेच, आणि मर्यादा आणखी उतरवली तर कारखाने बंद पडतील. बेंझिन रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेवर घाला घालतं, त्यातून ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग होतो. म्हणून यातला एकही दावा तसाच सोडता येत नाही.

‘मर्यादेच्या आत धोका शून्य.’ 1 पीपीएमची मर्यादा कामगारांच्या सुरक्षिततेचे नियम करणाऱ्या अमेरिकेच्या ओशा या सरकारी संस्थेने 1987 मध्ये घातली. 45 वर्षं 10 पीपीएममध्ये काम केलं तर हजार कामगारांमागे ल्युकेमियाने सुमारे 95 जादा मृत्यू, आणि 1 पीपीएममध्ये सुमारे 10, असा तिचाच अंदाज होता. तरी ती 1 वर थांबली, कारण त्याखाली जाणं उद्योगांना तेव्हा झेपणार नाही असं तिने ठरवलं. म्हणजे हजारामागे दहा मृत्यूंची शक्यता माहीत असताना हा आकडा कायद्यात आला. त्याला ‘सुरक्षित’ म्हणणं मला मान्य नाही. पुढे 2004 मध्ये चीनमधल्या बूट कारखान्यांतल्या कामगारांच्या अभ्यासात 1 पीपीएमच्या खालीही पांढऱ्या पेशी कमी झालेल्या आढळल्या. युरोपीय संघाने 2022 मध्ये नियम बदलला आणि 5 एप्रिल 2026 पासून 0.2 पीपीएमची मर्यादा ठेवली.

आणि हा 1 पीपीएम म्हणजे आठ तासांची सरासरी. मोजणीच्या दिवशी कामगाराच्या कमरेला छोटा पंप आणि कॉलरजवळ कोळशाची नळी लावतात. पूर्ण शिफ्टमध्ये नळीत जमलेल्या बेंझिनवरून आकडा निघतो. समजा, टाकीचं झाकण उघडून पातळी मोजताना अर्धा तास 8 पीपीएम होतं आणि उरलेला वेळ काहीच नाही. सरासरी येईल 0.5. रिपोर्टवर ‘मर्यादेत’ असा शेरा पडेल. पण 15 मिनिटांसाठीची वेगळी मर्यादा 5 पीपीएम आहे आणि ती सरळ मोडलेली आहे. म्हणून रिपोर्ट हातात आला की विचारा: 15 मिनिटांची मोजणी केली का, आणि कोणत्या कामाच्या वेळी? शिफ्ट 12 तासांची असेल तर आणखी विचारा. संपर्क वाढतो, शरीराला सावरायला वेळ कमी मिळतो. लांब शिफ्टसाठी मर्यादा कमी करून काढण्याच्या ब्रीफ-स्काला पद्धतीने तीच मर्यादा निम्म्यावर, 0.5 वर येते.

‘वास नाही म्हणजे धोका नाही.’ बहुतेकांना वास जाणवेपर्यंत प्रमाण 1 पीपीएम ओलांडून गेलेलं असतं. मग नाक सरावतं आणि वास येईनासा होतो, बेंझिन मात्र तिथेच असतं.

‘मास्क आहेच.’ धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीचं कार्ट्रिज लागतं, ते चेहऱ्यावर घट्ट बसावं लागतं आणि वेळेवर बदलावं लागतं. शिवाय द्रव बेंझिन त्वचेतूनही आत जातं. हवेच्या मोजणीत ते दिसतच नाही. त्यासाठी शिफ्टच्या शेवटी लघवीची तपासणी असते.

‘कारखाने बंद पडतील.’ 1974 मध्ये व्हिनाइल क्लोराइडच्या (पीव्हीसी प्लास्टिक ज्यापासून बनतं तो वायू) कामगारांमध्ये यकृताचा दुर्मिळ कर्करोग उघड झाला आणि ओशाने मर्यादा 500 पीपीएमवरून 1 वर आणली. तेव्हाही उद्योगाने हेच सांगितलं होतं. पीव्हीसी आजही बनतं. गळत्या बंद केल्या, वाया जाणारा वायू पकडून परत वापरला, रिअ‍ॅक्टर खरवडायला माणूस आत उतरवण्याऐवजी जोरदार दाबाच्या पाण्याने धुवायला सुरुवात झाली. बेंझिनसाठीही उपाय माहीत आहेत: पंपांना दुहेरी सील, बंदिस्त नमुना घेण्याची सोय, टँकर भरताना वाफ परत ओढणारी लाइन. ‘परवडत नाही’ म्हणणाऱ्याने यातलं नेमकं काय परवडत नाही ते आकड्यांसह मांडावं, आणि ते कामगारांसमोर मांडावं.