आधी पंचगंगा, बाकीचं मागनं

आज आपल्या कोल्हापूरच्या ओपन डेटाच्या, म्हणजे सगळ्यांना खुल्या माहितीच्या, ग्रुपवर कशाकशाच्या नोंदी गोळा करायच्या त्या विषयांची यादी आली. तालमी, मिसळ, केएमटी बसचे थांबे, गुळाचे सौदे, सगळंच एका दमात. आणि नमुना म्हणून खाली जोडलेली पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीची शीट बघून डोकंच फिरलं.

मूळ नोंद ४३ फूट १० इंच. शीटमध्ये भरली ४३.१०. एक्सेलनं शेवटचं शून्य खाल्लं, उरलं ४३.१. आता चढता क्रम लावा, ही नोंद ४३ फूट २ इंचांच्याही खाली जाते. आठ इंच वर असलेलं पाणी कागदावर खाली! धोका पातळीच ४३ फूट आहे. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीतल्या माणसानं जनावरं कधी सोडवायची ते या आकड्यावर ठरवायचं?

म्हणून म्हणतोय, विषय कमी घ्या. फूट आणि इंच वेगळ्या रकान्यात. तारीख २०१९-०८-०७ अशीच, नाहीतर ७ ऑगस्टचा ८ जुलै होतो. वेळ हवीच, पाणी तासातासाला चढतं. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे कधी उघडले, कधी मिटले, तेही त्याच तक्त्यात. विसर्ग क्युसेकमध्ये, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये, बंधाऱ्याची फुटात. एकक रकान्याच्या नावातच लिहा.

थांब्यांचं काम चांगलंय, पण गुगल मॅपवरून उचलून ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर टाकायला परवाना आडवा येतो. प्रत्येक थांब्यावर उभं राहून नोंद घ्यावी लागेल. आहेत का तेवढी माणसं? गुळाच्या सौद्यांच्या जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफ तर कॉपी केल्या की नुसती अक्षरांची खिचडी हातात येते. त्या आधी युनिकोडमध्ये आणायच्या, मग दर बघायचे.

तालमींच्या यादीनं पोरं जमतात, हे मान्य. जमू देत. चिडून लिहिलं खरं, पण यादी करणाऱ्यांची तळमळ दिसते, आणि ती शीटही कुणीतरी रात्री जागून भरलीय. फक्त पुढच्या पावसाळ्यात कोण भरणार, हे नाव ठरल्याशिवाय नवा विषय उघडू नका.

जूनच्या आत २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या नोंदी पुन्हा भरूया. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं टाइप करायचं, तिसऱ्यानं ताडून बघायचं. १० आणि ११ इंचांच्या नोंदी सगळ्यात आधी. ज्यांना जमतंय त्यांनी खाली नाव लिहा.