‘डोळे उघडे ठेवून प्रार्थना?’ : बीडच्या वाचकाला उत्तर

जय ख्रिस्त.

जालन्याच्या आमच्या उपासनेत प्रभूची प्रार्थना आता खुणांच्या भाषेतही होते, असं मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर ‘एक विश्वासी, बीड’ लिहितात : “डोळे उघडे ठेवून हात हलवायचे, ही प्रार्थना आहे की शाळेचं गॅदरिंग? ऐकू येत नाही त्यांच्यासाठी बाजूला दुभाषा बसवा, अख्ख्या मंडळीला कशाला नाचवता? प्रेषित पौलानं शिस्तीनं करायला सांगितलंय.”

दादा, मतभेद चालतील. पण गॅदरिंग? आमच्या मंडळीतल्या बायांना हे तोंडावर म्हणायची तुमची छाती होईल का?

माझी थोरली बहीण जन्मापासून कर्णबधिर. चर्चमध्ये ती आईला खेटून बसायची. पाळक म्हणायचे, ‘डोळे मिटू या’, आणि तिथंच ताईची उपासना संपायची. माना खाली गेल्या की कुणाचे ओठ दिसत नाहीत, आईचे हात जोडलेले. ती आपली सगळ्यांकडे टकामका बघत राहायची. लोक हलले की कळायचं, आमेन झालं. वर एक काकू आईला ऐकवायच्या, ‘लेकीला वळण लावा जरा, प्रार्थनेत डोळे उघडे असतात तिचे.’ तुमची प्रतिक्रिया वाचून त्या काकूच आठवल्या.

डोळे मिटायची आज्ञा बायबलात कुठं आहे, तेवढं दाखवा. योहान १७ च्या सुरुवातीलाच प्रभू आकाशाकडे डोळे लावून प्रार्थना करतो. मार्क ७ मध्ये बहिऱ्या माणसाला तो गर्दीतून बाजूला नेतो, कानांत बोटं घालतो, जिभेला हात लावतो, वर बघून उसासा टाकतो; बोलतो ते त्यानंतर. लूक १ मध्ये वाचा गेलेला जखऱ्या मंदिरातून बाहेर येऊन लोकांना खुणा करतो. हेही गॅदरिंगच का?

आणि ‘येशू’ची खूण कधी पाहिलीत तरी का? एका हाताचं मधलं बोट दुसऱ्या तळहातावर टेकवायचं, मग दुसऱ्या हातानं तसंच. खिळ्यांच्या जागा. आमची लेकरं ती करताना हसत नाहीत, हे मुद्दाम सांगतो.

नाचाचं म्हणाल तर कराराच्या कोशापुढे, म्हणजे देवाच्या पवित्र पेटीपुढे, दावीद राजा नाचला आणि त्याची बायको मीखलनं खिडकीतून बघून नाक मुरडलं (२ शमुवेल ६). तुम्हाला कुठं उभं राहायचं ते ठरवा. ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांच्या भजनाला झांजा आणि टाळ्या चालतात ना? मग हात बोलले की शिस्त कशी मोडते?

एक मान्य. आमच्या उपासनेत मुलींचा नाच झाला, त्याला स्पीकरचा आवाज फार होता. कमी करायला सांगितलंय.

दुभाष्याचं नंतर कधीतरी बघू. शिस्तीचं म्हणाल तर आमची उपासना वेळेवर सुरू होते, तुमच्या बीडचं मला माहीत नाही. प्रतिक्रिया उडवत नाही, राहू द्या. पुढच्या वेळी मात्र स्वतःच्या नावानं लिहा.