'वडिलांची इस्टेट' : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखावर 'एक जुना प्रेक्षक' या नावाने आलेली प्रतिक्रिया मी काढलेली नाही. काढून टाक, असं दोघातिघांनी सुचवलं. पण मग 'बघा, टीका सहन होत नाही' म्हणायला तुम्ही मोकळे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुलांची एक मालिका चालू असताना २०१८ साली मला कार्यकारी निर्मातीच्या कामावरून मध्येच बाजूला केलं गेलं, त्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर यांचं म्हणणं असं :

"बाई, मालिका काय तुमच्या वडिलांची इस्टेट होती का? डॉक्टर हूसारख्या मालिकेचे निर्माते सतत बदलले, तिथे कोणी गळे काढले नाहीत. लहान मुलांना पात्रं दिसतात, निर्माता कोण याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. तुमच्यानंतर मालिका वेगवान झाली, टीआरपी वाढला, करोना आला नसता तर अजून चालली असती. तुमच्या काळात पोरं पाठ्यपुस्तकासारखी बोलायची. आणि बजेट किती वाढवून ठेवलं होतं, तेही लिहा की कधीतरी."

तर जुने प्रेक्षक, वडिलांपासूनच सुरुवात करू, कारण तुम्हीच त्यांना मध्ये आणलंत. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागावर, होते. त्यांची इस्टेट म्हणजे चाळीतली पागडीची एक खोली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि तो मागे घेतल्याचं आजतागायत कोणी अधिकृतपणे सांगितलेलं नाही. त्यामुळे आयुष्यभर ज्या यंत्राशी उभं राहायचं ते यंत्र आपलं नसतं, हे मला शिकवायची गरज नाही. ते मी घरी शिकले, तुम्ही बहुधा कुठेतरी वाचलं असेल. नाव न लिहिता कोणाच्या वडिलांपर्यंत जायला फारसं धैर्य लागत नाही, एवढंच म्हणते आणि पुढे जाते.

पुढे जाण्याआधी आणखी एक. मी मालकी मागितल्याचं वाक्य माझ्या लेखात दाखवून द्या. सापडणार नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने मालिका निर्मितीसंस्थेची किंवा तिने करारात लिहून दिली असेल तर वाहिनीची. २०१२ च्या दुरुस्तीत लेखक आणि गीतकारांना रॉयल्टीचा हक्क मिळाला, तो योग्यच होता. कार्यकारी निर्माता त्यात कुठेच येत नाही. आम्ही पगारी माणसं. हे सगळं माहीत असून मी त्या कामाला हो म्हटलं होतं. काढायचा त्यांना हक्क होता का, तर होता. मी लिहिलं ते काढण्याच्या पद्धतीबद्दल. शुक्रवारी रात्री ग्रुपवर दुसऱ्या दिवशीची कॉलशीट, म्हणजे चित्रीकरणाचं वेळापत्रक, पडते आणि त्यात ईपी म्हणजे कार्यकारी निर्माता म्हणून दुसऱ्याच माणसाचं नाव असतं. त्याआधी फोन नाही, मीटिंग नाही. स्पॉटदादांचा मेसेज आला, "ताई, उद्या तुम्ही नाही का?" त्यांना उत्तर काय द्यायचं तेही मला सुचलं नाही. यावर लिहिलं तर ते 'गळे काढणं'.

असो. "मुलांना देणंघेणं नसतं" हे तुमचं वाक्य मात्र मी सोडणार नाही.

मुलांच्या मालिकेत मुलं दोन ठिकाणी असतात, टीव्हीच्या समोर आणि टीव्हीच्या आत. तुम्हाला फक्त समोरची आठवली. आतली सहा होती. सगळी चौदाच्या आतली. त्यातला एक डोंबिवलीहून फिल्मसिटीला यायचा, म्हणजे आई त्याला घेऊन पहाटे निघायची आणि पावसाळ्यात गोरेगावला पोहोचेपर्यंत पोरगा झोपेने डुलत असायचा. जून २०१७ मध्ये बालकामगार कायद्याचे सुधारित नियम आले. बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांच्या वर नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी हवी. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवेत. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. आता सहा मुलं म्हणजे माणसं किती? दोन. प्रॉडक्शनच्या हिशोबात हे 'एका पोरासाठी एक जास्तीचा पगार' असं लिहिलं जायचं, आणि त्यावरून माझी दर महिन्याला वादावादी व्हायची.

शिफ्ट बारा तासांची, मुलं पाच तासांची. या दोहोंचा मेळ घालणं हेच माझं काम होतं. मुलांचे क्लोज, म्हणजे जवळून घेतलेले शॉट, आधी उरकायचे, मोठ्यांचे रिव्हर्स, म्हणजे समोरच्या बाजूचे शॉट, नंतर, लांबून घ्यायच्या शॉटला पाठमोरा डमी. सहामाही आणि वार्षिक परीक्षेच्या आधी एपिसोडची बँक करून, म्हणजे आगाऊ चित्रित करून, ठेवायची, नाहीतर गणिताच्या पेपरच्या दिवशी पोरगं मेकअपला बसलेलं. हे कुठल्याही करारात लिहिलेलं नसतं. माझ्याकडे एक वही होती. कोणाची कुठल्या शाळेत कधी परीक्षा, कोणाला कुत्र्याची भीती, कोणाला मिशीच्या गोंदाने पुरळ येतं, कोणाच्या घरी आईवडिलांचं सध्या बरं नाही म्हणून त्या आठवड्यात रडायचे सीन द्यायचे नाहीत. हॅण्डओव्हरमध्ये खरं तर ही वहीच द्यायची असते. कोणी मागितली नाही. मीही नेऊन दिली नाही, तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगते. ज्यांना एक फोन करावासा वाटला नाही, त्यांच्या दारात वही घेऊन उभं राहायला मला जमलं नाही. यावरही काही लिहायचं असेल तर लिहा.

आता टीव्हीच्या समोरची मुलं. कथेच्या ट्रॅकच्या ऐन मध्यात आमच्या मालिकेतल्या धाकट्याचा पुढचा दुधाचा दात पडला. मोठ्यांच्या मालिकेत कंटिन्यूटी म्हणजे साडी आणि टिकली. इथे चेहराच बदलतो. मी लेखकांना म्हटलं, दात पडल्याचा एपिसोड करा. त्यांनी कुरकुर केली आणि सुंदर लिहिला. चाळभर दात शोधणं, मग तो कौलावर टाकावा की तुळशीत पुरावा यावर आजी आणि शेजारीण यांचं भांडण. मी गेल्यानंतर त्याच मुलाचा दुसरा दात पडला. या वेळी वेळ वाचवायला त्याला खोटा दात बसवला. 'स' म्हणताना शिट्टी वाजायला लागली, म्हणून दुसऱ्या मुलाकडून डबिंग करून घेतलं. आमच्या शेजारची पहिलीतली मुलगी मला जिन्यात थांबवून विचारते, "मावशी, त्याचा आवाज कोणी घेतला?" निर्मातीचं नाव तिला माहीत नव्हतं, मान्य. ते तिला माहीत असायची गरजही नव्हती. काहीतरी हातचं सुटलंय, हे मात्र तिला तुमच्याआधी कळलं होतं.

आणि हे मी वातानुकूलित खोलीत बसून म्हणत नाही. कॉलेजात असताना मे महिन्याच्या सुट्टीत मी बालनाट्यांच्या मागे प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावरचं सामान, उचलायचे. सुधाताई करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर सुरू केलं, पहिलं नाटक रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी'. तिथून जी परंपरा आली तिच्या शेपटाला धरून आम्ही होतो. शिवाजी मंदिरला सकाळच्या प्रयोगाला राक्षसाची मिशी जरा जरी सुटली तरी पोरं ओरडून सांगायची. प्रौढ प्रेक्षक सभ्यपणे दुर्लक्ष करतो. 'मुलांना काय कळतंय' म्हणणारा माणूस विंगेत कधी उभा राहिलेला नसतो, हा माझा अनुभव आहे. तुमचा वेगळा असेल तर सांगा, पण नावासकट.

डॉक्टर हूचं उदाहरण तुम्ही दिलंत, बरं केलंत. बीबीसीची ती विज्ञानकथेची मालिका १९६३ पासूनची, तिचे निर्माते बदलले हे खरं. पण कसे बदलले, ते पाहिलंत का? १९७६ मध्ये एका भागाचा शेवट नायकाचं डोकं पाण्याखाली दाबून धरलेल्या दृश्यावर थांबवला होता. मेरी व्हाइटहाउस या बाईंनी, ज्या टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध मोहीमच चालवायच्या, त्यावर जोरदार तक्रार केली. बीबीसीने दिलगिरी व्यक्त केली. १९७७ मध्ये निर्माते फिलिप हिंचक्लिफ यांना एका पोलिसी मालिकेवर पाठवलं, आणि ती पोलिसी मालिका जे उभी करत होते त्या ग्रॅहम विल्यम्सना इकडे आणलं. विल्यम्सना सांगण्यात आलं, हिंसा कमी करा. भीती कमी झाली, विनोद वाढला, आणि तेव्हा लहान असलेले प्रेक्षक आज म्हातारे होऊनही वाद घालतात की मालिका तिथे बिघडली की सुधारली. 'देणंघेणं नसतं' म्हणता ना? हिंचक्लिफना निदान दुसरी मालिका तरी दिली होती. आमच्याकडे 'टेक केअर' एवढा मेसेज आला, तोही अकाउंट्समधून.

माझ्या जागी आलेल्या गृहस्थांशी माझं वैर नाही, हे मूळ लेखातही लिहिलं होतं. तुम्ही तो परिच्छेद वाचला नसावा. तुमच्या प्रतिक्रियेतली शुद्धलेखनाची एकूण तब्येत पाहता घाईत होतात असं दिसतं. वर उतरवून घेताना ऱ्हस्व-दीर्घ मी दुरुस्त केले आहेत, त्याचे आभार मानायची गरज नाही.

पाठ्यपुस्तकी भाषेबद्दल : मान्य. पहिल्या काही एपिसोडमध्ये पोरं "मी तुझ्यावर रागावलो आहे" असं बोलायची. चाळीतला पोरगा असं बोलत नाही, तो "जा ना बे" म्हणतो, आणि ते 'बे' वाहिनीने कापलं असतं. तरी मधला रस्ता निघाला असता, मान्य. बघा, मी काही सगळंच नाकारत बसत नाही.

टीआरपी वाढला? वाढला असेल. साडेसहाची वेळ सातची केली होती, त्याचा त्याच्याशी संबंध नाही असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू द्या. करोनाचं म्हणाल, तर १९ मार्च २०२० पासून मुंबईतली सगळीच चित्रीकरणं बंद झाली. पुढे परवानगी मिळाली तेव्हा दहा वर्षांखालची मुलं आणि ६५ वर्षांवरचे कलाकार सेटवर नकोत असा नियम होता. ज्येष्ठांचा नियम ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने रद्द केला. मुलांकडून कोणी भांडायला गेल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही. आमच्या मालिकेने तर वाटही पाहिली नाही, तो स्लॉट जुन्या एपिसोडना दिला आणि विषय संपवला. 'अजून चालली असती' हे तुम्ही कशाच्या जोरावर म्हणता ते तुम्हालाच ठाऊक.

राहिलं बजेट. करारात गुप्ततेचं कलम आहे, आकडे इथे येणार नाहीत. दोन सांभाळणारी माणसं, मुलांच्या जेवणाचा वेगळा डबा आणि पाच तासांनंतर घरी सोडायची गाडी, एवढ्यावरून काय तो अंदाज बांधा. यापुढच्या प्रतिक्रियेला नाव लिहिलंत तर उत्तर देईन. नाहीतर ती छापेन आणि तशीच सोडून देईन.